२०३५चं भूत

हवामानबदलाचा विषय निघाला की आमच्या नात्यातलं कुणीतरी हमखास विचारतं, "काय रे, २०३५ पर्यंत हिमालयातला बर्फ संपणार होता ना? त्याचं काय झालं?" आणि मग ते विजयी हास्य!

प्रश्न रास्त आहे हो. आयपीसीसीच्या २००७च्या अहवालात तसं खरंच छापलं होतं. आधार काय, तर डब्ल्यूडब्ल्यूएफचा २००५चा एक अहवाल, आणि त्याचा आधार 'न्यू सायंटिस्ट'मधली १९९९ची एक बातमी. शास्त्रीय शोधनिबंध कुठेच नाही. त्याच परिच्छेदात हिमनद्यांचं क्षेत्रफळ पाच लाख चौरस किलोमीटर! हिमालयात एवढा बर्फ आहेच कुठे? तो आकडा १९९६ सालच्या एका रशियन शास्त्रज्ञाच्या लेखातला, ध्रुव वगळून साऱ्या पृथ्वीच्या हिमनद्यांचा. आणि तिथे साल होतं २३५०.

मला खरा राग येतो तो पुढच्या प्रकाराचा. नोव्हेंबर २००९ मध्ये जयराम रमेश यांच्या पर्यावरण खात्याने व्ही. के. रैना यांचा एक निबंध प्रसिद्ध केला. रैना भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झालेले, हयात हिमनद्यांवर काढलेली. त्यांचं म्हणणं साधं होतं : हिमनद्या मागे हटताहेत, पण अलीकडे तो वेग असाधारण वाढल्याचं दिसत नाही. यावर आयपीसीसीचे अध्यक्ष पचौरी म्हणाले, 'वूडू सायन्स'! दोन-अडीच महिन्यांत, २० जानेवारी २०१० रोजी, आयपीसीसीला त्या परिच्छेदाबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागली. नोबेल मिळालं म्हणून शंका विचारणाऱ्याला मांत्रिक ठरवायचं? हा माज महागात पडला, आणि किंमत विज्ञानाने मोजली.

पण इथून आमच्या मंडळींची उडी थेट 'म्हणजे सगळंच थोतांड' इथे जाते. ती कशी काय? चूक उघड केली ती हिमनद्यांच्याच अभ्यासकांनी. शिवाय नंतर मोजणी झालीच की. २०१९ साली अमेरिकेच्या जुन्या हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रं वापरून एक अभ्यास झाला. त्यात २००० नंतर हिमालयातला बर्फ घटण्याचा वेग आधीच्या पाव शतकाच्या साधारण दुप्पट निघाला. रैनांच्या शंकेला मिळालेलं हे उत्तर आहे, आणि उत्तर असंच द्यायचं असतं. पण २०३५चा विनोद सांगणाऱ्यांनी ते ऐकलेलंच नसतं!

बरं, एवढी शंका घ्यायची हौस आहे तर ती सगळीकडे घ्या ना. धरणाच्या प्रकल्प अहवालातल्या आकड्यांवर कुणी असं हसलेलं मी तरी पाहिलं नाही. सिक्कीममधल्या दक्षिण ल्होनक सरोवराबद्दल २०१३ साली 'करंट सायन्स'मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी लिहिलं होतं की ते फुटण्याची शक्यता ४२ टक्के आहे. हाही शेवटी एक अंदाजच. पण खाली चुंगथांगला १२०० मेगावॉटचा तीस्ता-३ प्रकल्प उभा राहात होता, तेव्हा या अंदाजावर किमान वाद तरी घालायचा! प्रकल्प २०१७ साली सुरूही झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्री सरोवर फुटलं, धरण वाहून गेलं, पन्नासहून जास्त माणसं मेली, कितीतरी सापडलीच नाहीत.

सोयीचं असेल तेव्हा संशोधनाचा गवगवा करायचा आणि अडचणीचं असेल तेव्हा 'अजून सिद्ध कुठे झालंय' म्हणायचं, याला मी शंका म्हणत नाही. (आमच्याकडे याला 'धोरण' म्हणतात.) आपल्या देशात नऊ हजारांहून जास्त हिमनद्यांची नोंद आहे. त्यांतल्या प्रत्यक्ष जाऊन वर्षानुवर्षं मोजल्या जाणाऱ्या किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हिमाचलातल्या छोटा शिग्रीची मोजणी २००२ पासून सलग चाललीय, तर तिचं केवढं कौतुक! ज्याला खरंच शंका आहे त्याने आधी मोजायला पैसे मागावेत.

तर त्या चुंगथांगला जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने नव्या धरणाची शिफारस केली. आधीचं साठ मीटरचं होतं. हे काँक्रीटचं, जवळजवळ दुप्पट उंच.