सहा भागांतील वरसंशोधन

श्री. विक्रम सेठ यांची ‘अ सुटेबल बॉय’ ही तेराशेंहून अधिक पृष्ठांची कादंबरी १९९३ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यावरून मीरा नायर यांनीं दिग्दर्शित केलेली दूरचित्रवाणी-मालिका बी.बी.सी.नें २०२० सालीं सहा भागांत दाखविली. नटवर्ग गुणी, देखावे मनोहर. तरीहि आमची निराशाच झाली.

वर आईनें शोधावा कीं आपण निवडावा, हा लतेचा प्रश्न. कादंबरींत ती तिघां तरुणांचा विचार करीत करीत निर्णयाप्रत येते; मालिकेंत तो निर्णय घाईनें उरकल्यासारखा वाटतो. शिवाय १९५१ सालच्या उत्तर हिंदुस्थानांतील या मायलेकी घरांतहि बहुधा इंग्रजींतच बोलतात!

प्रेम थोर कीं विवेक, हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु विवेकाला अवधि लागतो. तो न दिल्यामुळें लतेची निवड ही निवड न भासतां केवळ तडजोड भासते.