‘ॲव्हरेज’चा आकडा आणि हिवाळ्यातील सकाळ

डिसेंबर उजाडला की वृत्तपत्रांतील हवामानाच्या रकान्यात नगरचे नाव राज्यातील अतिथंड ठिकाणांच्या पंक्तीत अधूनमधून झळकू लागते. (जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले असले तरी बोलण्यात ‘नगर’ टिकून आहे.) पर्जन्यछायेतील या उघड्याबोडक्या पठाराने थंडीच्या बाबतीत घाटमाथ्यावरच्या गिरिस्थानांशी बरोबरी करावी याचे बाहेरच्या माणसास नवल वाटते. वस्तुतः त्यात नवल नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवरील या भूभागात हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, हवेत बाष्प अल्प असते आणि दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने गमावते. पहाटे पारा आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी तो अठ्ठावीस-तिसाच्या घरात असतो. आमची थंडी ही सकाळची थंडी आहे.

या सकाळच्या थंडीने गेल्या हिवाळ्यात आमच्या प्राध्यापक-कक्षात एक वाद उपस्थित केला. एका सहकाऱ्याने कर्ज काढून हायब्रिड मोटार, म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी जोडी असलेले वाहन, घेतले आहे. ‘लिटरला अठ्ठावीस’ असे त्यांना विक्रीच्या वेळी सांगण्यात आले होते. जानेवारीत मात्र सावेडीतील घरातून निघून, मुलीला शाळेत सोडून महाविद्यालयात पोहोचेपर्यंतच्या सहा किलोमीटरांत समोरच्या पट्टीवर सतराचा आकडा दिसे. तीच मोटार पुण्यास नेली की चोवीस देई. आपण फसलो, अशी त्यांची खात्री झाली.

आपल्याकडे या आकड्याला ‘ॲव्हरेज’ म्हणतात. ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न मोटार पाहावयास गेलेला प्रत्येक मध्यमवर्गीय विचारतो. पण सरासरी म्हटले की ती कशाची, असा पुढचा प्रश्न विचारण्याचे भान राहत नाही. आपल्या देशातील प्रमाणित आकडा रस्त्यावर काढलेला नसतो. बंद प्रयोगशाळेत, फिरत्या रुळांवर, वीस ते तीस अंश तापमानात उभे केलेले वाहन ठरावीक वेगचक्रानुसार चालवून तो निघतो. तो खोटा नाही. परंतु त्यात नगरच्या सकाळचे आठ अंश नाहीत, आणि थंड इंजिनाने सहाच किलोमीटर कापण्याची शिक्षाही नाही.

थंडीत हायब्रिडचे असे का व्हावे? थंड वंगण दाट होते आणि इंजिनाचे भाग फिरवण्यास अधिक शक्ती लागते. थंड हवा जड असल्याने तिचा विरोध वाढतो. दुपारी तीस अंशांत भरलेली टायरमधील हवा पहाटे आकुंचन पावते आणि चाके जड फिरतात. एवढे तर प्रत्येक मोटारीच्या नशिबी असते. हायब्रिडची अडचण आणखी वेगळी आहे. तिची सारी काटकसर इंजिन वारंवार बंद ठेवण्यात आणि ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती विजेच्या रूपाने परत मिळवण्यात आहे. थंडीत बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढतो, त्यामुळे ती परतलेली वीज पूर्वीइतक्या सहजतेने स्वीकारीत नाही. शिवाय इंजिन आणि धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक पात्र ठरावीक उष्णतेस पोहोचेपर्यंत, बॅटरी भरलेली असली तरी, इंजिनाला चालू राहावे लागते. बंद राहून पेट्रोल वाचवणे हेच ज्याचे काम, त्यालाच पहिली पाच-सात मिनिटे अखंड राबावे लागते. आणि सहा किलोमीटरचा प्रवास तोवर जवळजवळ संपतो.

टोयोटा कंपनीने १९९७ मध्ये जपानमध्ये पहिली ‘प्रियस’ विकावयास काढली. अमेरिकेतील तिच्या २००४ च्या आवृत्तीत इंजिनातील गरम पाणी साठवणारा एक थर्मासच बसवलेला होता, जेणेकरून दुसऱ्या दिवशी इंजिन थंडगार अवस्थेतून सुरू होऊ नये. चहाच्या थर्मासची युक्ती मोटारीच्या पोटात जावी, यावरून हे दुखणे किती खरे होते ते कळते.

अमेरिकी सरकार आपल्या नागरिकांस या बाबतीत स्पष्ट आकडे देते. उणे सात अंश तापमानात शहरातील छोट्या फेऱ्यांत साध्या पेट्रोल मोटारीचे मायलेज पंचवीस अंशांच्या तुलनेत सुमारे १५ टक्के, आणि पाच-सहा किलोमीटरच्या फेरीत २४ टक्क्यांपर्यंत घटते. हायब्रिडचे ३० ते ३४ टक्के घटते. मात्र हे आकडे जसेच्या तसे उचलून नगरला चिकटवणे अयोग्य ठरेल. आपल्याकडे उणे सात नाही. तेथे घट वाढवणारे एक मोठे कारण म्हणजे गाडीतील हीटर, कारण त्याच्या उबेसाठी इंजिन तापते ठेवावे लागते. नगरचा माणूस हीटर लावीत नाही; तो मफलर गुंडाळतो.

आता हिशेब. टक्क्यांनी डोके फिरण्यापूर्वी तो लिटरमध्ये मांडू. मारुतीच्या ‘ग्रँड व्हिटारा’ या एकाच मोटारीची दोन रूपे घ्या. हाताने गिअर बदलण्याच्या साध्या पेट्रोल रूपाचा जाहीर आकडा लिटरला २१.११ किलोमीटर, तर पूर्ण हायब्रिडचा २७.९७. म्हणजे शंभर किलोमीटरला ४.७४ लिटर विरुद्ध ३.५८ लिटर; बचत १.१६ लिटर. अमेरिकी थंडीतील सर्वांत वाईट टोक दोघांस लावले तर पहिलीस ६.२३ आणि दुसरीस ५.४२ लिटर लागतील, बचत ०.८१ लिटर उरेल. हायब्रिड प्रमाणाने अधिक घसरते, तरीही पुढेच राहते. तिचा लाभ आटतो, नाहीसा होत नाही.

किलोमीटर-प्रतिलिटर या मापाची फसगत इथेच आहे. लिटरला १० देणारी जुनी जीप १२ देऊ लागली तर शंभर किलोमीटरमागे १.६७ लिटर वाचतात. २१ ची मोटार २८ देऊ लागली तर १.१९ लिटरच वाचतात. कानाला मात्र दुसरी सुधारणा साडेतीनपट मोठी वाटते. गंमत अशी की कारखानदारांसाठी केंद्र सरकारने इंधनवापराची जी सरासरी मर्यादा घातली ती शंभर किलोमीटरला लिटर याच मापात होती: २०१७-१८ पासून ५.४९ आणि २०२२-२३ पासून ४.७७ लिटर. कंपन्यांशी बोलताना सरकार योग्य माप वापरते आणि ग्राहकाच्या हाती मात्र दुसरेच पडते.

आता माझ्या सहकाऱ्याच्या तक्रारीचे रुपयांत मोल करू. थंडीच्या साठ सकाळी, दररोज सहा किलोमीटर. एकूण ३६० किलोमीटर. चोवीसऐवजी सतरा मिळाल्याने सुमारे सव्वासहा लिटर पेट्रोल अधिक जळाले. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले तर नुकसान साडेसहाशे रुपयांचे! ज्या थंडीवर आम्ही महिनाभर वाद घातला तिची किंमत ही एवढी.

खरा खर्च दुसरीकडे दडलेला आहे. साध्या आणि हायब्रिड रूपांच्या किमतीत दोन लाखांचे अंतर धरू. शिक्षक किंवा कारकून वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरला, तर जाहीर आकड्यांनुसार त्याचे सुमारे ९३ लिटर, म्हणजे पावणेदहा हजार रुपये वाचतील. त्या जादा दोन लाखांवर कर्जाचे व्याज ९ टक्क्यांनी पहिल्या वर्षी अठरा हजार होते. बचत व्याजालाही पुरत नाही, मुद्दल तर दूरच. उलट वर्षाला तीस हजार किलोमीटर तोडणाऱ्याचे साडेछत्तीस हजार वाचतात आणि व्याज बाजूला ठेवल्यास साडेपाच वर्षांत रक्कम वसूल होते. पुणे-मुंबईच्या तुंबलेल्या रहदारीत साधी मोटार जाहीर आकड्यापासून फारच खाली येते आणि हायब्रिडचा लाभ वाढतो, हे येथे नमूद केले पाहिजे. हायब्रिडमध्ये गिअर बदलण्याचे कष्ट नाहीत, त्याचेही काही मोल आहे. परंतु माळीवाड्याची कोंडी म्हणजे मुंबईची कोंडी नव्हे.

आपला जिल्हा साखरेचा आणि म्हणून इथेनॉलचा; त्या अंगानेही थंडीशी आपला संबंध येतो. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असते, आणि थंडीत त्याची वाफ होणे अधिक कठीण. ब्राझीलमध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारींना थंडीत सुरू होण्यासाठी पेट्रोलची एक छोटी टाकी वेगळी ठेवावी लागे. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत इथेनॉलवर चालणाऱ्या हायब्रिड ‘इनोव्हा’चा नमुना सादर झाला. अशी वाहने उद्या बाजारात आली तर उसाच्या शेतकऱ्यास ती हवीच असतील; तेव्हा थंड सकाळी त्यांना किती इंधन लागते हे त्यानेच प्रथम विचारले पाहिजे.

हा प्रश्न एका घराच्या जमाखर्चापुरता नाही. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये हायब्रिड मोटारींना नोंदणीकर माफ केला. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी फेररचनेत चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर ४० टक्के कर राहिला, विजेवरील मोटारीवर ५ टक्के. कोणास किती सवलत द्यावी या वादात दोन्ही पक्ष प्रयोगशाळेतल्या उबदार आकड्याचाच आधार घेतात. सार्वजनिक तिजोरीतून सवलत मागणाऱ्याने, ती मोटार कोणत्या हवेत आणि किती लांबीच्या फेरीत किती पेट्रोल वाचवते, हे सांगावयास नको काय? युरोपात प्रदूषणाच्या मोजणीत चौदा अंशांवरील चाचणीची भर घातलेली आहे. अमेरिकेत उणे सातची चाचणी आहे. आपल्या परिस्थितीस साजेशी, दहा अंशांवर थंड इंजिनाने कापलेल्या पहिल्या पाच किलोमीटरांची चाचणी घ्यावी. तिचा निकाल शंभर किलोमीटरला लिटर या मापात, आजच्या आकड्याशेजारी, विक्रीच्या दालनातील पाटीवर छापणे सक्तीचे करावे. वाहनांना प्रमाणपत्रे देणाऱ्या सरकारमान्य संस्थांपैकी व्हीआरडीई ही नगरमध्येच आहे, आणि दहा अंशांची सकाळ तिच्या फाटकाबाहेर दर हिवाळ्यात विनामूल्य उपलब्ध असते.