सायकलीवरून केव्हा उतरावे?

शनिवारी पहाटे सायकली काढून पंधरा-वीस कोस हिंडून यावयाचे, हा परिपाठ आम्ही व आमचे काही विद्यार्थी गेली तीन वर्षे चालवीत आहोत. त्याविषयी पालकांच्या सभेत, देवळाच्या आवारात आणि शिक्षकांच्या खोलीतही बरेच बोलले जाते. कोणी म्हणतात, मुले दमून येतात व अभ्यास बुडतो. कोणी म्हणतात, रस्ते आता सायकलीचे राहिले नाहीत. ज्यांची मुले गिअरच्या सायकलीसाठी घरी हट्ट धरून बसली आहेत, ते विचारतात की हा श्रीमंतांचा षोक शाळेत कशाला? ह्या तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे. परंतु आमचा स्वतःचा आक्षेप चौथाच असून तो आमच्याच विरुद्ध आहे. तो सांगण्यासाठी हा लेख.

आमच्या वडिलांच्या पिढीतील लोक सायकलीस पायगाडी म्हणत. १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली व साखळीने चालणारी सायकल बाजारात आणिली. पुढे तीनच वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्ट येथे डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीस हवा भरलेली रबरी नळी बसविली. तेव्हापासून चारा न घालता व तेल न जाळता सामान्य मनुष्य एका दिवसात पंचवीस-तीस मैल जाऊन घरी परत येऊ लागला. आपल्याकडे ती दूधवाल्याची, पोस्टमनची व खेड्यातील शिक्षकाची सोबतीण झाली. सोनिपत येथे १९५१ साली सुरू झालेल्या अ‍ॅटलस कंपनीच्या काळ्या सायकली कोणत्या गावात नव्हत्या? त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, तोही ३ जून रोजी, म्हणजे जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी. गरजेची सायकल मागे पडत असता हौसेची सायकल पुढे येत आहे, हे आम्ही डोळ्यांआड करीत नाही. आम्हीही हौसेचेच सायकलस्वार आहोत.

आता ह्या फेऱ्यांत मिळते काय ते सांगतो. आमचे शहर नगर. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले, परंतु आमच्या जिभेचे वळण अजून जुनेच आहे. मोटारीत बसणाऱ्यास नगर तालुका सपाट वाटतो. सायकलस्वारास तो तसा कधीच वाटत नाही. शेंडीपाशी महामार्ग सोडून डोंगरगणच्या बाजूस वळले की पाच मिनिटांत मोटारींचा गोंगाट मागे पडतो, आणि माळावरून चाललेला रस्ता एकाएकी दरीत उतरतो. इंग्रज अंमलदार ह्या दरीस ‘हॅपी व्हॅली’ म्हणत. पावसाळ्यात तेथे पाणी खळाळते. मार्चात खडक तेवढे उरतात. पुढे वांबोरीचा घाट उतरून राहुरीच्या बाजूस गेले की काळी जमीन, कालवा आणि ऊस. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे राहुरी हे नाव आमच्या मुलांस पुस्तकातून ठाऊक होते, परत येताना घाट चढल्यावर ते त्यांच्या पायांसही ठाऊक झाले. पाथर्डीच्या रस्त्यावरील ज्या अष्टकोनी इमारतीस सारे चांदबिबीचा महाल म्हणतात, ती वस्तुतः सलाबतखानाची कबर आहे, हेही मुलांस फळ्यावर सांगून पटले नव्हते. धापा टाकीत टेकडी चढून तेथे गेल्यावर पटले. का पटले ते आम्हांस सांगता येत नाही.

हिवाळ्यात ज्वारी निसवते व दाणे दुधाळ होतात, तेव्हा रस्त्याकडेच्या शेतातून हाक येते, “सर, पोरांना घेऊन या, आगटी पेटलीय!” मग चौदा मुले बांधावर बसून हुरडा खातात, आणि पुढील दहा मैलांचा बेत तेथेच रद्द होतो. पण ग्रामीण भाग म्हणजे केवळ हुरडा नव्हे. मागील डिसेंबरात राहुरीच्या अलीकडे आमच्या बाटल्यांतील पाणी संपले. उसाच्या फडालगत तोडणी कामगारांच्या कोप्या होत्या. तेथे एका मुलीने पिंपातले पाणी तांब्याने आमच्या बाटल्यांत भरून दिले. आमच्यातील एका मुलीने तिला इयत्ता विचारली. ती म्हणाली, “दिवाळीपर्यंत सातवीत होते.” परत येताना बराच वेळ कोणी घंटीसुद्धा वाजविली नाही. ऊसतोडणीचे स्थलांतर हा विषय आम्ही भूगोलाच्या तासाला पूर्वी शिकविला होता, व त्यावर प्रश्नही घातला होता.

आता आमचा चौथा आक्षेप. सायकलस्वारांत फ्रान्समधून आलेली ‘ब्रेव्हे’ नावाची एक पद्धत आहे. ठराविक अंतर ठराविक वेळात पुरे करावयाचे व वाटेतील नाक्यांवर आपल्या कार्डावर शिक्का घ्यावयाचा. २०० किलोमीटरांस साडेतेरा तास, ३०० स वीस तास, ६०० स चाळीस तास. १८९१ साली सुरू झालेली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही ह्या पंथाची मोठी वारी. तीत सुमारे १२०० किलोमीटर जास्तीत जास्त नव्वद तासांत जावे लागते. ब्रेव्हेत पहिला-दुसरा क्रमांक नसतो, आणि एकमेकांस मदत करण्याची रीतही आहे. तेव्हा पुढील गोष्टीचा दोष त्या पद्धतीवर नाही.

गतवर्षीच्या जानेवारीत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, आम्ही आमची पहिली २०० किलोमीटरांची ब्रेव्हे केली. पहाटे सहास निघालो. संध्याकाळच्या साडेसातची मुदत होती. परतीच्या वाटेवर साडेचारच्या सुमारास घोडेगाव मागे टाकले. पुढे इमामपूरचा घाट चढावयाचा होता, परंतु हिशेबाप्रमाणे चाळीस मिनिटे हाताशी उरत होती. तेवढ्यात रस्त्याच्या कडेस एक वृद्ध गृहस्थ दिसले. जुनी काळी सायकल उलटी करून ठेविलेली, शेजारी घासाचा भारा, आणि चेन मागच्या चक्रात अडकून बसलेली. त्यांनी हात वर केला. हाक मारली नाही, नुसता हात वर केला. आमच्या पिशवीत चेनचे हत्यार होते. ते काम दहा मिनिटांचे होते. मागून कोणीतरी येईलच, असे मनाशी म्हणून आम्ही पायडल मारले.

६ वाजून ५२ मिनिटांनी शेवटचा शिक्का मिळाला. अडतीस मिनिटे शिल्लक राहिली. ती आमच्या काही उपयोगी पडली नाहीत.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आम्ही वीस वर्षे वर्गात शिकवीत आहोत. यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या रस्त्यावर याजक व लेवी का थांबले नसतील, असे आम्ही दरवर्षी मुलांस विचारतो. मुले भीतीचे कारण सांगतात. कोणी विटाळाचे सांगतात. घाई हे कारण आजवर एकाही मुलाने सांगितले नव्हते, आणि आम्हांसही ते कधी सुचले नव्हते. पुढील दोन शनिवार आम्ही त्याच रस्त्याने गेलो. चहाच्या टपरीवर चौकशीही केली. पण घासाचा भारा नेणारे वृद्ध त्या बाजूस किती तरी आहेत. आमचे पदक टेबलाच्या खणात आहे. मुलांनी पाहावयास मागितले तर दाखवितो व ही हकीकतही सांगतो.

लांबच्या सायकलफेऱ्यांवर आमचा आक्षेप एवढाच की त्यांत उतरणे विसरले जाते. मनगटावरचे घड्याळ व हँडलवरचे यंत्र वेग, अंतर व हृदयाचे ठोकेसुद्धा दाखविते; दर शनिवारी आकडा वाढला पाहिजे अशी ओढ लागते; आणि मग गावे म्हणजे दोन आकड्यांमधील अडथळे होतात. मोटारीवाल्यास निदान काच तरी आड येते. आमच्याआड काहीच नव्हते. म्हणून त्या वर्षापासून आमच्या टोळीत तीन गोष्टी ठरल्या आहेत. सर्वांत सावकाश चालविणारा पुढे. मोजणारी यंत्रे पिशवीत. आणि रस्त्यावर कोणीही हात वर केला की सर्वांनी उतरावयाचे. ह्यामुळे गेल्या हंगामात आम्ही दोनदा ठरलेल्या ठिकाणी पोहोचलोच नाही. एकदा तर नेवाशास निघून, पैस खांब न पाहता, वडाळ्यावरूनच परतलो. कारण एका शाळकरी मुलाच्या ट्यूबला एकामागून एक पाच पंक्चरे निघाली व आमचे सोल्युशन संपले. ज्या खांबास टेकून १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे मानितात, तो मुलांस दाखवावयाचा राहिला आहे, याची रुखरुख आहेच.

रविवारच्या प्रश्नावर थोडे लिहिणे भाग आहे. बहुतेक मोठ्या फेऱ्या रविवारी निघतात व उपासनेची वेळ रस्त्यावरच जाते. मंडळीतील वडील ह्यावर रागावतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील धर्मोपदेशकही असेच रागावले होते, हे त्यांस सांगून आम्ही त्यांचा राग कमी करू शकलो नाही. आमचे मत दोन्ही पक्षांस रुचणार नाही. उपासना चुकवून फेरी नको, हे खरे. पण रविवारी सायकलीस कुलूपच घालावे, हेही आम्हांस पटत नाही. ह्या जिल्ह्यात १८३१ पासून मिशनरी व त्यांचे देशी उपदेशक गावोगाव फिरले. खेड्यापाड्यांतील लहान मंडळ्या त्या फिरण्यातूनच उभ्या राहिल्या. आज अशा एखाद्या देवळात आठ-दहा माणसे बसतात, पेटी वाजविणारे कोणी नसते. शहरातली पाच-सहा मुले सायकलीवरून जाऊन त्यांच्या बाकांवर बसली, एक गीत गायिली व भाकरी खाऊन परत आली, तर तो दिवस मोडला असे कोण म्हणेल?

मुलींविषयी पालकांचा संकोच आम्ही समजतो. मान्य करीत नाही. १८४८ साली जोतीराव फुले यांनी मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली ती ह्याच नगरात. येथील मुलीस डोंगरगणपर्यंत जाण्याची परवानगी मिळू नये, हे आम्हांस विचित्र वाटते. खर्चाचे म्हणाल तर आमच्यातील अर्ध्याहून अधिक सायकली बिनगिअरच्या आहेत. सावकाश जाणाऱ्यास गिअर लागत नाही; घाटात उतरून चालावे. भय मात्र खरे आहे. गळिताच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर मागे दिवा नसता धावतात, व महामार्गावर सायकलीस कोणी जुमानीत नाही. म्हणून आमचे रस्ते आतले. परतणे सूर्य मावळण्यापूर्वी. प्रत्येकाच्या पाठीवर चमकणारी पट्टी. धुके असल्यास निघावयाचेच नाही, मग मुले कितीही कुरकुर करोत.

येत्या जानेवारीच्या पहिल्या शनिवारी नेवाशाचा राहिलेला बेत पुन्हा धरिला आहे. घोडेगावापर्यंत टेम्पोने सायकली नेऊन पुढे आतल्या रस्त्याने जावयाचे. दोन पालकांनी बरोबर येण्याचे कबूल केले आहे. पंक्चरची पेटी नववीतील एका मुलीकडे दिली आहे, कारण ट्यूब काढण्यात ती आमच्याहून तरबेज आहे. ह्या खेपेस सोल्युशनच्या चार नळ्या घेतल्या आहेत.