सुई-दोरा : फाटलेलं फेकायच्या आधी



गेल्या अंकात आम्ही एक प्रश्न विचारला होता, "तुमच्या घरात असा कोणता कपडा आहे, जो फाटलाय, पण टाकवत नाही?" उत्तरं भरपूर आली. कुणाचा कोपरावर विरलेला स्वेटर, कुणाची मुलाची गुडघ्यात फाटलेली जीन्स, कुणाचं बाळाचं दुपटं (बाळ आता कॉलेजात आहे!). पण एका उत्तरापाशी आम्ही सगळ्याच जरा थांबलो. एका मैत्रिणीने लिहिलं होतं, "सासूबाई गेल्या, त्याला तीन वर्षं झाली. त्यांची सात सुती लुगडी बॅगेत आहेत. नेसणं होत नाही, देववत नाहीत, आणि कात्री लावायचा धीर होत नाही."

म्हणून यावेळचं सदर या सगळ्या कपड्यांसाठी.

प्रथम लाजेबद्दल बोलू. आपल्यापैकी बहुतेकजण दोन सुटकेसी घेऊन इथे आलो, आणि पहिली काही वर्षं मनाशी एकच धरलं होतं, मुलांच्या अंगावर कुणाला काही कमी दिसता कामा नये. ठिगळ म्हणजे गरिबी, असं आपल्या मनावर बसलेलं आहे. आपली म्हणसुद्धा निराशेचीच, आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार? पण ज्या गाडगेबाबांनी (१८७६ ते १९५६) चिंध्यांची गोधडी पांघरून गावंच्या गावं झाडून काढली, त्यांच्या पाया पडताना ती चिंधी आपल्याला कधी खुपली नाही. म्हणजे लाज चिंधीत नसते, बघणाऱ्याच्या डोळ्यात असते.

आपल्या आयांच्या घरात कपडा सहसा वाया जात नसे. साडी विरली की तिचं परकर-पोलकं, त्यातून उरलं की उशीचा अभ्रा, मग दुपटं, मग पायपुसणं. जे यातूनही शिल्लक राही, ते बोहारीण घेऊन जाई, आणि बदल्यात स्टीलचं पातेलं मिळवताना अर्धा तास घासाघीस चाले. इथे बोहारीण नाही. इथे काळी प्लास्टिकची पिशवी आहे, आणि ती देणगीच्या पेटीत टाकली की आपलं मन मोकळं. पण अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे आकडे बघा. २०१८ या एका वर्षात या देशात सुमारे १ कोटी ७० लाख टन कापड कचऱ्याच्या हिशोबात आलं, आणि त्यातलं १ कोटी १३ लाख टन जमिनीत पुरलं गेलं. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदाच केला की कपडे बनवणाऱ्यांनी जुन्या कपड्यांचं संकलन, दुरुस्ती आणि पुनर्वापर यांची व्यवस्था उभी करायची. तो टप्प्याटप्प्याने अमलात येईल. आपल्या आज्यांना त्यासाठी कायदा लागला नव्हता!

आता गोधडीकडे येऊ, कारण आपल्याकडच्या शिवणातली ही सर्वांत मोठी विद्या. कुठे गोधडी म्हणतात, कुठे वाकळ, बेळगावकडे कौदी. सुगी आटोपली, शेतातलं काम हलकं झालं, उन्हं तापली की अंगणात, ओट्यावर जुनी लुगडी एकावर एक पसरायची, सुरकुत्या काढायच्या, कडेला दगड ठेवायचे आणि चारी बाजूंनी बायकांनी बसायचं. टाका एकच, साधा धावदोरा. पण कडेपासून आत आत जाताना जे चौकोनात चौकोन पडत जातात, त्यात शिवणाऱ्या प्रत्येकीचा हात ओळखू येतो. कुणाचा टाका तांदळाएवढा, कुणाचा गव्हाएवढा. बोलणं मात्र सगळ्यांचं एकत्र चालतं. सासरचं, माहेरचं, जे घरात बोलता येत नाही ते. गोधडीत ऊब येते ती थरांमधल्या हवेमुळे, हे शास्त्र झालं. पण उन्हाळ्याच्या त्या दुपारीही तिच्यात कुठेतरी शिवलेल्या असतात, असं आम्हाला वाटतं.

याच्या अगदी उलट विद्या रफूची. गोधडीचं ठिगळ उघड दिसतं. रफूगराचा मान मात्र दिसू न देण्यात. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर काश्मिरी शालीचा एकेक धागा भरून असा जुळवतात की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. आम्हाला वाटतं, आपल्या पिढीने इथे रफू केली. उच्चार, डबा, नाव, सगळं असं जुळवून घेतलं की जोड दिसू नये. मुलांना त्याची गरज नाही. त्यांना ठिगळ दिसलेलं चालतं. उलट लाल दोऱ्याने उठून दिसलेलं जास्त आवडतं. दोन्ही टाके खरेच आहेत. आपल्याला मात्र दोन्ही शिकवता यायला हवेत.

शेजारीपाजारीही बघा. ज्या सांता क्लारा व्हॅलीत आपण राहतो, तिथल्या गोधडी शिवणाऱ्या बायकांच्या संघाने १९७७ मध्ये एक संग्रहालय सुरू केलं. तेच आजचं सॅन होजेचं क्विल्ट आणि टेक्स्टाइल म्युझियम. गोधडी आणि कापड यांनाच वाहिलेलं असं संग्रहालय या देशात पहिलंच. तिथून फार लांब नसलेलं जपानटाउन अमेरिकेत उरलेल्या तीन जपानटाउनांपैकी एक. जपानी शेतकरी बायका निळ्या जाड कापडावर पांढऱ्या दोऱ्याने जो धावदोरा घालत, त्याला साशिको म्हणतात. ते शिवण पाहिलं की आपल्या आजीला भाषेची अडचण यायची नाही. आणि सॅन फ्रान्सिस्कोत १९८७ मध्ये एड्सने गेलेल्यांच्या आठवणीसाठी एक गोधडी सुरू झाली. प्रत्येक माणसासाठी तीन फूट बाय सहा फूट कापड, त्यावर त्याचा शर्ट, त्याची टोपी, त्याचं नाव. त्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला ती पसरली तेव्हा १,९२० तुकडे होते. आज सुमारे ५०,००० आहेत. ज्यांचं नाव घ्यायलाही लोक कचरत होते, त्यांचं दुःख सुईनेच आधी उघड्यावर मांडलं.

गंमत म्हणजे, आपल्या गावातल्या फुटबॉल स्टेडियमला २०१४ पासून ज्या कंपनीचं नाव आहे, ती जीन्सही जन्मली उसवण्याच्या तक्रारीतूनच. रीनोच्या जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने मजुरांचे खिसे उसवू नयेत म्हणून तिथे तांब्याच्या रिबिटा ठोकल्या, आणि लेव्ही स्ट्रॉसबरोबर २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट घेतलं. तरीही गुडघे फाटतातच. तर आता सुई हातात घ्या.

जीन्सचा गुडघा : आधी धुऊन वाळवा. जुन्या जीन्सचा तुकडा भोकापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठा कापा आणि आतल्या बाजूने लावा. पाय अरुंद असतो, म्हणून आत जाड पुठ्ठा सरकवा, नाहीतर पुढचं मागच्याला शिवलं जाईल. टाचण्या लावा, कच्चा दोरा घाला, मग जाड सुती दोऱ्याने धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी भोकाच्या पलीकडेपर्यंत न्या. दोरा ओढून घट्ट करू नका. कापड ताणणारं असेल तर ठिगळही ताणणारं घ्या.

स्वेटरचं भोक : खाली पालथी वाटी किंवा टेनिसचा चेंडू धरा. तशाच जाडीची लोकर घ्या. भोकाच्या अर्धा इंच बाहेरून, चांगल्या विणीतून सुरुवात करा. आधी सगळे उभे धागे, मग आडवा धागा एक वर एक खाली असा विणत जा, खाटेची नवार विणतात तसा. प्रत्येक वळणावर बारीकसा फासा सोडा. लोकर धुतल्यावर आटते, तेव्हा तो उपयोगी पडतो.

आणि लुगडी. त्या मैत्रिणीला आम्ही एवढंच सांगू, सातही एकदम कापू नकोस. सर्वांत जास्त नेसलेलं, सर्वांत विरलेलं एक आधी काढ. ते उजेडासमोर धर. मधला भाग जाळीदार झालेला दिसेल, पण काठ आणि पदर बहुधा अजून दणकट असतील. विरलेला भाग आत थराला घाल. काठ कापून गोधडीच्या चारी कडांना लाव. पदर वर, मधोमध येऊ दे. सगळं कापड आधी धुऊन घे, रंग जाणारं वेगळं. रेशीम यात घालू नकोस, ते रोजच्या धुण्याला टिकत नाही. नातवंडांसाठी शिवणार असशील तर मणी, टिकल्या नकोत. आणि इथले बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षात पाळण्यात सैल पांघरूण नको म्हणतात, म्हणून तोवर ती जमिनीवर अंथर, बाळाला तिच्यावर पालथं पडू दे. बॅगेतली लुगडी डांबराच्या गोळ्यांत जपली जातील, पण त्यांना कुणी हात लावणार नाही. गोधडी मात्र रोज कुणीतरी ओढून घेईल. जपणं दोन्हीला म्हणतात. आम्हाला दुसरं बरं वाटतं.

तरीही मन होत नसेल तर राहू दे. एक लुगडं अखंड ठेवलं म्हणून काही बिघडत नाही.

आता मुख्य मुद्दा. ही विद्या आपल्यापैकी अनेकींना पूर्ण येत नाही. ती येते आपल्या आयांना, सासूबाईंना, ज्या सहा महिन्यांसाठी येतात. मुलं शाळेत, सून-मुलगा कामावर, गाडी चालवता येत नाही, एल कमिनोवरचं दुकान दोन मैलांवर. दुपारभर त्या खिडकीतून पार्किंग बघत बसतात. "आम्ही मजेत आहोत" असं म्हणतात, आणि आपण ते खरं धरून चालतो. या बायकांना मदत करायला नको आहे. त्यांच्याकडे मदत मागायला हवी आहे. नातीने जीन्स पुढे केली आणि "आजी, हे शिकव ना" म्हटलं की आजीची पाठ कशी ताठ होते ते आम्ही पाहिलं आहे. नातीचं मराठी तोकडं, आजीचं इंग्रजी तोकडं. पण सुईत दोरा ओवून देणारे तरुण डोळे आणि टाका घालणारे म्हातारे हात, एवढ्यावर दुपार निघते. आणि त्या दुपारी नातीला काठ, पदर, अस्तर, टीप, काज असे शब्द मिळतात, जे शनिवारच्या मराठी शाळेच्या पुस्तकात मिळणार नाहीत.

आजोबांनाही सोडू नका. शर्टाचं बटण लावता न येणं यात काही पुरुषार्थ नाही. आमच्या ओळखीच्या एका आजोबांनी नोकरीनिमित्त वीस वर्षं एकटं राहून काढली. त्यांची काजं आमच्यापेक्षा सुबक आहेत.

फार मोठा कार्यक्रम करायला नको. एका घरातला दिवाणखाना, खाली सतरंजी, चहा, एक-दोन डबे. चार बायका, दोन मुलं, एक आजी पुरे. ज्या घरी आजी आहे त्या घरी जा, म्हणजे तिला गाडीची वाट बघावी लागणार नाही. घरी आजी नसेल तर एखादी आणून बसवा. आपल्या भागात ही पद्धत अनोळखी नाही. पालो आल्टोत २०१२ पासून रिपेअर कॅफे भरतो, जिथे शेजारी शेजाऱ्याची वस्तू फुकट दुरुस्त करून देतात. मूळ कल्पना ॲम्स्टरडॅमची, २००९ सालची. आपल्या ओट्यावरची त्याहून बरीच जुनी!

आणायचं काय? एक फाटका कपडा, जुन्या सुती कापडाचे तुकडे, जाड-बारीक दोन सुया, धार असलेली कात्री, अंगुस्तान असलं तर उत्तम. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता ठरलेला. आणि तिन्हीसांजेच्या आत आटपा, कारण त्यानंतर सुई मागितली तर आज्या देणार नाहीत!

पुढच्या अंकात काज आणि गुंडी. तोवर कपाट उघडा, आणि काळी पिशवी भरायच्या आधी त्यातला एक कपडा तरी बाजूला काढा.

लोभ आहेच, तो वाढावा.