नवा लॅपटॉप सोपा, पण जुन्या नोंदी उघडल्या तरच



२०१२ साली घेतलेला डेस्कटॉप यंदा दसऱ्याला बाजूला ठेवला आणि पोराच्या आग्रहानं नवा लॅपटॉप घेतला. जुन्यावर विंडोज सेव्हन होतं. त्याचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच बंद झालेत, त्यामुळं त्यावर बँकेचं काम करणं धोक्याचं होतं. बदल गरजेचाच होता.

वापरायला नवा भारी आहे. जुना चालू करून चहा पिऊन यायचो, हा अर्ध्या मिनिटात तयार. लाइट गेली तरी काम अडत नाही. पहिले आठ दिवस बटणं सापडत नव्हती, पण ती काही तक्रार नाही. नवा बैल औताला रुळायलाही तेवढे दिवस लागतातच.

खरा घोळ नोंदींचा झाला. छाटणीनंतर पाऊस हटेना. २०१९ ला ऑक्टोबर-नोव्हेंबरात असाच पाऊस लागून राहिला होता. तेव्हा डाऊनीसाठी कोणती फवारणी किती दिवसांनी घेतली, ते बघायला फाइल उघडली. तारीख दिसली, २०० लिटर पाणी दिसलं. औषधाच्या नावाच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी! सात वर्षांच्या नोंदींची हीच गत.

कारण असं की, जुन्या मराठी फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात. फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. तो फॉन्ट नव्या मशीनवर नाही, म्हणून सगळा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये मराठी अक्षरांना स्वतःचे कोड आहेत. मोबाइलवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडच, ते कुठंही उघडतं.

डेस्कटॉप भंगारात दिला नव्हता म्हणून वाचलो. त्यावर फाइल उघडून फवारण्या वहीत उतरवून घेतल्या.

माझं मत स्पष्ट आहे. संगणक घेताना आपण किंमत विचारतो, रॅम विचारतो. "माझ्या जुन्या नोंदी यात वाचता येतील का?" हे कुणी विचारत नाही. शेतकऱ्याला सोय म्हणजे तीच.

बदलणार असाल तर एवढं करा:

१. जुनं मशीन निदान एक हंगाम सांभाळा.
२. जुन्या फॉन्टच्या फाइल कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये करून घ्या. जोडाक्षरं चुकतात, म्हणून औषधांची नावं स्वतः तपासा.
३. विंडोज ११ मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. एकदा सेटिंगमध्ये घेतला की विंडोज बटण आणि स्पेस दाबून भाषा बदलते.
४. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. फवारणीची वही मात्र बंद करू नका.

सल्लागार मित्रांनाही विनंती, वेळापत्रक युनिकोडमध्येच पाठवा. आमच्याकडं वाचता आलं नाही, तर तुमचा सल्ला बांधापर्यंत पोचलाच नाही.