वरातीमागून मूल्यांकन

गोरेगावात एखाद्या चाळीचा पुनर्विकास निघाला आणि बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या पुढे गेले, की बिल्डरला पर्यावरण मंजुरीसाठी राज्याच्या प्राधिकरणापुढे उभे राहावे लागते. सांडपाणी कुठे सोडणार, राडारोडा कुठे टाकणार, झाडे किती तोडणार, या सगळ्याचा हिशेब द्यावा लागतो. त्याच गोरेगावच्या पूर्वेला, आरेत, भुयारी मेट्रोची कारशेड उभी राहिली. तिच्यासाठी दोन हजारांवर झाडे पडली. तिला मात्र ही मंजुरी लागलीच नाही. कारण २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेतील प्रकल्पांच्या यादीत रेल्वे आणि मेट्रो यांचा समावेशच नाही. या मेट्रोचा पर्यावरण परिणाम अहवाल झाला, तो कर्ज देणाऱ्या जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या नियमांमुळे. आपल्या जंगलाची विचारपूस आपल्या कायद्याने करायची, तर ती सावकाराने केली!

परिणामांचे मूल्यांकन म्हणजे मुळात पर्यायांची तुलना. हे इथे करावे की तिथे, की करूच नये, हा त्यातला पहिला प्रश्न. २०१५ साली कारशेडच्या जागेसाठी नेमलेल्या समितीत ‘नीरी’ आणि आयआयटी मुंबईचे तज्ज्ञ होते. या दोघांनी आरेच्या विरोधात मतभेदाची टिपणे दिली, कांजूरमार्गकडे बोट दाखवले. मिठी नदीचे पाणलोट क्षेत्र कारशेडखाली घालू नये, हाही आक्षेप होताच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीने काय केले हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. पण टिपणे फायलीत राहिली. पुढे २०२० मध्ये कारशेड कांजूरला गेली, २०२२ मध्ये सरकार बदलताच आरेत परत आली. जागा शास्त्राने ठरवायची की मंत्रिमंडळाने, याचे उत्तर या येरझाऱ्यांतच मिळते.

त्याआधी, ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत करवती चालल्या. अंधारात मोबाइलच्या उजेडात माणसे धावत आली, जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्रावरून ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे आडवी झाली होती. हवी होती तेवढी तोडून झाली, असे सरकारतर्फेच न्यायालयात सांगण्यात आले. मग स्थगिती कशाला मिळाली? उरलेल्या बुंध्यांना? पुढे ८४ झाडांची परवानगी असताना त्याहून अधिक झाडे तोडण्यासाठी खटपट केल्याबद्दल २०२३ मध्ये याच न्यायालयाने मेट्रो कॉर्पोरेशनला १० लाखांचा दंड केला आणि १७७ झाडे तोडायला परवानगीही दिली.

मेट्रो नको, असे आम्ही म्हणत नाही. ७ ऑक्टोबर २०२४ पासून आरे ते बीकेसी गाडी धावते आहे, आता ती कफ परेडपर्यंत जाते, आणि लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याला तिचे मोल ठाऊक आहे. आक्षेप प्रकल्पाला नाही, आधी निर्णय आणि मग अहवाल या रीतीला आहे. अहवाल लिहिणारा सल्लागार प्रकल्पवालाच नेमतो, पैसेही तोच देतो. अशा सल्लागाराने प्रकल्प करू नका असे लिहिल्याचे कुणाच्या ऐकिवात आहे काय?

उशिराने मंजुरी देण्याची सवय तर आता दिल्लीतही प्रतिष्ठित झाली आहे. मुंबईच्याच ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी काम सुरू झाल्यावर मागाहून दिलेल्या मंजुऱ्या बेकायदा ठरवल्या. सहा महिन्यांनीच, १८ नोव्हेंबरला, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने तो निकाल दोनास एक मताने मागे घेतला. पूर्ण झालेले प्रकल्प पाडले तर जनतेचाच पैसा वाया जाईल, हा युक्तिवाद खोटा नाही. पण तो ऐकून पुढचा बांधकामवाला काय शिकतो? आधी बांधा, मग बघू.

आरेचे खरे दुखणे आणखी वेगळे आहे. १९४९ मध्ये दुधासाठी वसवलेल्या या जवळपास १,३०० हेक्टर जमिनीतून चित्रनगरीला, राज्य राखीव पोलीस दलाला, फोर्स वनला आणि शेवटी मेट्रोला तुकडे गेले. प्रत्येक तुकडा आपापल्या फायलीत लहानच दिसतो. बिबट्या मात्र फाइल बघून चालत नाही, आणि पाड्यावरच्या वारल्याला आपली भातजमीन कोणत्या खात्याकडे गेली याचा पत्ता लागत नाही. आता शेजारच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून ४.७ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांसह गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता होतो आहे. त्याचीही फाइल वेगळी.

या सर्वांचा एकत्रित परिणाम तपासणे राज्य सरकारच्या हातात आहे. त्यासाठी दिल्लीच्या अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. पर्यावरण मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा २०२० चा केंद्रीय मसुदा फक्त इंग्रजी-हिंदीत काढून सर्व भाषांत देण्याची पाळी आली, तेव्हा केंद्र सरकार न्यायालयात भांडत बसले. महाराष्ट्राने तरी तो कित्ता गिरवू नये. आरेतला पुढचा एकही भूखंड देण्यापूर्वी संपूर्ण आरेचे एकत्रित मूल्यांकन प्रकल्पवाल्याच्या पैशावर न जगणाऱ्या संस्थेकडून करून घ्यावे, ते मराठीत प्रसिद्ध करावे आणि त्याची जनसुनावणी मंत्रालयात न घेता आरेच्या पाड्यावर घ्यावी.