टायरचे आयुष्य, माशाचे मरण

फराळाच्या ताटापाशी विषाची गोष्ट काढू नये, असा शिष्टाचार आहे. तो आज मोडावा लागतो. कारण सुट्टीत मोटारी घेऊन कोकणात उतरणारे आपणच त्या विषाचे वाहक आहोत.

हवेतील ओझोन वायूने रबराला चिरा पडतात. त्या पडू नयेत म्हणून टायरमध्ये ६पीपीडी नावाचे रसायन घालतात. ते ओझोनचा मारा स्वतःवर घेते आणि त्या झटापटीत त्याचेच एक नवे द्रव्य बनते. टायर झिजतो, त्याची पूड रस्त्यावर पडते आणि पाऊस ती नदीत नेतो.

अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या ओढ्यांत पाऊस पडला की कोहो जातीचे सामन मासे अंडी घालण्याआधीच तडफडून मरत. गुन्हेगार सापडला २०२० साली. तो हाच! लिटरभर पाण्यात ग्रॅमचा एक कोटीवा भाग असला, तरी कोहोची निम्मी पिल्ले दगावतात.

कोणी म्हणेल, आपल्याकडे सामन कुठे आहे? खरे आहे. शिवाय त्याचाच भाऊबंद चम हे विष पचवतो. पण जातीजातीत एवढा फरक असेल, तर आपल्या बोय-तांबोशीची परीक्षा आधी नको काय? मुंबई-गोवा महामार्ग खेडला जगबुडी ओलांडतो, चिपळूणला वाशिष्ठी. आणि दोघींचे पाणी अखेर दाभोळच्याच खाडीत उतरते. लोट्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध तिथल्या मच्छीमारांना निदान ओरडता तरी आले. रस्त्यावरच्या पाण्याला धनीच नाही. ओरडायचे कोणाच्या नावाने?

‘अजून काही सिद्ध झालेले नाही’ हे पालुपद जुनेच आहे. ब्रिटनमध्ये रबर टिकवण्यासाठी घातलेल्या अशाच एका द्रव्यातील बीटा-नॅफ्थिलअमाइनने कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग झाला. ते द्रव्य १९४९ साली मागे घेतले गेले; म्हणजे पुरावा माणसांच्या देहांतून गोळा झाल्यावर!

रस्त्याचे पाणी माती आणि कुजलेल्या खताच्या थरांतून झिरपू दिले, की त्यात कोहो जगतात, हे प्रयोगांनी दिसले आहे. मग पुलांवरचे पाणी अशा थरांतून गाळूनच नदीत सोडा. आणि टायरमध्ये घातलेल्या रसायनाचे पुढे काय होते, हे टायर विकणाऱ्याने आधी सिद्ध करावे. मासे मेल्यावर मच्छीमाराने नव्हे.

दाभोळच्या धक्क्याला होडी आपटू नये म्हणून जुने टायर बांधतात. होडी त्यांनी सांभाळली. पण खाडीत मासाच उरला नाही, तर ती होडी जाणार कुठे?